कोळसा खाण आणि गावाची सार्वजनिक जमीन : पर्यावरणीय अटी व गावाने ठेवायच्या नोंदी

नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत खुल्या कोळसा खाणींसाठी खासगी शेतीबरोबर गायरान, ई-क्लास आणि वनजमीनही जाते. खासगी जमिनीसाठी सातबाराधारक भांडतो. सार्वजनिक जमिनीची माती, चारा आणि पाणी यांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. पर्यावरण मंजुरीत संरक्षणाच्या अटी असतात, पण अट मोडली हे दाखवायला खाणीपूर्वीची स्थिती माहीत असावी लागते. म्हणून गावाने खोदकामाआधीच नोंदी सुरू कराव्यात.

गावाचे हक्क कुठे नोंदलेले असतात?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ नुसार विदर्भातील गावांसाठी निस्तार पत्रक असते. त्यात चराई, सरपण, मुरूम-माती यांची तरतूद असते. रस्ते व पाण्याच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये (कलम १६५) पाहाव्यात. दोन्हींच्या प्रती तहसील कार्यालयातून घ्याव्यात. वनजमिनीसाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते. वनहक्क कायदा, २००६ खालील वैयक्तिक व सामूहिक दावे प्रलंबित असल्यास ग्रामसभेने तसा ठराव करावा.

जनसुनावणीत काय पाहावे?

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार, काही अपवाद वगळता, खाण प्रकल्पासाठी जनसुनावणी होते. तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व स्थानिक पंचायत यांच्याकडे पाहता येतो. त्यात पुढील बाबी तपासाव्यात :

- गायरान, नाले, तलाव व पांदण रस्ते नकाशात दाखवले आहेत का?
- मातीची खोली किती धरली आहे? एक हेक्टरवरील ३० सें.मी. थर म्हणजे ३,००० घनमीटर माती. खोली कमी लिहिली, तर साठवायची मातीही तेवढीच कमी ठरते.
- गुरांच्या चराईची व पाण्याची पर्यायी सोय कोणती आहे?

हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

मंजुरीतील शेतीशी संबंधित अटी

*वरचा थर :* सुपीक माती वेगळी काढून ठरावीक जागी साठवायची आणि पुनर्भरण झालेल्या भागावर पसरायची असते. ढीग उंच व जुना झाला की आतील हवा कमी होऊन उपयुक्त जिवाणू घटतात. म्हणून ढीग कमी उंचीचे ठेवून त्यावर ताग, धैंचा किंवा स्टायलो पेरणे योग्य.

*ओबीचे ढिगारे :* एकूण उतार साधारणपणे २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, भोवती चर व गाळ अडवणारी तळी असावीत आणि त्यांतील गाळ वेळेवर काढावा, अशा अटी असतात. चर भरले की ढिगाऱ्याची माती नाल्यात उतरते आणि पुराचे पाणी शेतात शिरते.

*विहिरी :* परिसरातील भूजल मे, ऑगस्ट, नोव्हेंबर व जानेवारीत मोजायचे असते. खाणीच्या उपशाने विहिरी आटल्यास कंपनीने पाणी पुरवावे, अशीही अट असते.

*सोडलेले पाणी :* सन २००० च्या मानकांनुसार सामू ५.५ ते ९.० आणि निलंबित घन लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. मात्र हे पाणी सिंचनाला योग्यच असते असे नाही, कारण या मर्यादांत विरघळलेले क्षार मोजले जात नाहीत. काळ्या जमिनीत निचरा मंद असल्याने क्षार साचतात. पाणी वापरण्यापूर्वी विद्युत वाहकता, सोडियमचे प्रमाण (एसएआर) व आरएससी तपासून घ्यावे. आरएससी २.५ पेक्षा जास्त असल्यास ते पाणी सिंचनासाठी वापरू नये.

*चारा :* सर्वोच्च न्यायालयाच्या ८ जानेवारी २०२० च्या आदेशानुसार, खाणकाम संपल्यावर खणलेली व बाधित जमीन पुन्हा गवताखाली आणून चारा उगवेल अशा स्थितीत आणणे बंधनकारक आहे. गायरान गेलेल्या गावांनी ही अट मंजुरीपत्रात शोधावी.

गावाने ठेवायच्या नोंदी

१. चार-पाच विहिरींची पाणीपातळी वरील चार महिन्यांतच, काठावरील ठरावीक खुणेपासून मोजावी. म्हणजे ती कंपनीच्या आकड्यांशी ताडता येते.
२. खाणीपासून दूरची, सारख्याच खडकातील एक विहीर सोबत मोजावी आणि पावसाची नोंद ठेवावी. दोन्हीकडे पातळी सारखी उतरली तर कारण कमी पाऊस असू शकते. फक्त खाणीजवळची उतरली तर उपशाकडे बोट दाखवता येते.
३. गायरान व लगतच्या शेतांचे माती परीक्षण खोदकामापूर्वी करावे. खड्डा घेऊन मातीची खोली मोजावी व फोटो काढावेत.
४. धूळ बसलेले पीक, गाळ आलेले शेत यांचा तारखेसह पंचनामा तलाठी व कृषी सहायकांकडून करून घ्यावा.

तक्रार व मुदत

कंपनीने अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी १ जून व १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. आपल्या नोंदी त्याच्याशी ताडाव्यात. तफावत आढळल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे नागपूर येथील प्रादेशिक कार्यालय यांच्याकडे लेखी तक्रार करावी. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात ३० दिवसांत अपील करता येते. पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी मुदत ५ वर्षांची आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी खाणपट्ट्यातील गावांत पहिली विहीर-मोजणी येत्या मे महिन्यात, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत, सरपंच व दोन शेतकऱ्यांच्या सहीने करून घ्यावी.