दिसत नाही तिथलं मेण

30 एप्रिल 1948 रोजी ॲम्स्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर पहिल्यांदा लोकांपुढे आली. महायुद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचं अंग बर्माब्राइट या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं गेलं. सांगाडा मात्र पोलादाचाच हवा होता. त्यासाठी मोठाले साचे बनवणं परवडत नव्हतं. मग पत्र्याच्या चार पट्ट्या कापायच्या, कडा वेल्ड करायच्या आणि पोकळ चौकोनी दांडे तयार करायचे, असा मार्ग निघाला. सुरुवातीच्या नमुना गाड्यांच्या चॅसिसला जस्ताचा मुलामाही दिला होता. प्रत्यक्ष उत्पादनात तो खर्च गळला.

परिणाम आजही दिसतो. जुनी लँड रोव्हर दुरुस्तीला आली की वरचा पत्रा ठणठणीत असतो आणि मागचा आडवा दांडा स्क्रूड्रायव्हरनं टोचला तर आरपार भोक पडतं. हा गंज बहुतेकदा बाहेरून चढलेला नसतो, तो आतून येतो. म्हणून जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करणारे कारागीर सगळी जोडाजोड झाल्यावर चॅसिसच्या पोटात मेण मारतात. गाडी प्रदर्शनात मांडली की लोक रंग बघतात, क्रोम बघतात. हे काम कुणालाच दिसत नाही. पण या कामाचं कूळ मोटारीपेक्षा मोठं आहे. त्यात विमानं आहेत, जहाजं आहेत आणि मेंढ्याही आहेत.

आधी पोकळी आली कुठून ते पाहू. सुरुवातीच्या मोटारींचे चॅसिस एका बाजूनं उघड्या पन्हळीसारख्या पोलादी पट्ट्यांचे असत. त्यांना गंज चढला तर तो दिसे आणि ब्रश तिथवर पोचे. वेग वाढला, बंद टपाची गाडी आली, तसा सांगाडा पिळवटू लागला. चारही बाजूंनी बंद असलेला दांडा उघड्या पट्टीपेक्षा पिळाला कितीतरी पटींनी जास्त विरोध करतो, हे अभियंत्यांना ठाऊक होतं. मग दांडे बंद झाले. 1922 मध्ये लान्चिया लॅम्डानं वेगळ्या चॅसिसला फाटा दिला, आणि 1934 मध्ये सिट्रोएनच्या ट्रॅक्सियाँ अव्हाँनं अंग आणि सांगाडा एकच असलेली गाडी मोठ्या संख्येनं रस्त्यावर आणली. आता दाराखालचा पोकळ दांडा, खिडकीचे खांब, फरशीखालच्या पेट्या, हाच गाडीचा कणा झाला. ताकद जिथे साठली तिथेच हात पोचेनासा झाला.

आत काय होतं? दिवसा तापलेली हवा रात्री थंड होते आणि पत्र्याला आतून दव धरतं. स्पॉट वेल्डिंगनं जोडलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत ते पाणी शिरतं आणि तिथून सहजी सुकत नाही. केंब्रिजचे संशोधक यूलिक एव्हान्स यांनी 1920 च्या दशकात दाखवलं, की एकाच पत्र्यावर जिथे प्राणवायू कमी पोचतो तो भाग झिजतो आणि जिथे जास्त पोचतो तो शाबूत राहतो. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या जोडाच्या पोटात, जिथे हवा सर्वात कमी, तिथेच लोखंड खाल्लं जातं. त्यात गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे फट फुगते आणि जोड उसवतो.

यावरचा उपाय पहिल्यांदा विमानवाल्यांनी शोधला. पहिल्या महायुद्धात फोकरच्या विमानांचे सांगाडे पोलादी नळ्या वेल्ड करून बनत. नळीला आतून गंज लागला तर तो जमिनीवर कळण्याआधी हवेत कळायचा. म्हणून पुढे वेल्डिंगनंतर नळ्यांमध्ये गरम जवसाचं तेल घालून ते सगळीकडे फिरवायचं, जास्तीचं काढून टाकायचं आणि भोक स्क्रूनं बंद करायचं, अशी रीत पडली. अमेरिकी विमानदुरुस्तीच्या सरकारी पुस्तिकेत त्या तेलाचं तापमानही दिलं आहे: किमान 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 74 अंश सेल्सिअस. गरम तेल पातळ होऊन फटीत शिरतं आणि तिथे सुकतं. विमानात हे जमलं, कारण नळी खरोखर बंद करता येत होती; आतला थोडा प्राणवायू संपला की गंजही थांबे. मोटारीची पेटी तशी बंद होत नाही. तिला बोल्टची भोकं असतात, तारा जातात, पाणी निघायला खाली छिद्रं ठेवावी लागतात.

दुसरा पूर्वज समुद्रावरचा. मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ शुद्ध करून जर्मन वैद्यक-संशोधक ऑस्कर लीब्राइख यांनी 1882 मध्ये ‘लॅनोलिन’ म्हणून नोंदवला, तो मलमांसाठी. हाच पदार्थ लोखंडाला घट्ट चिकटतो आणि वाळून कडक होत नाही, हा त्याचा गुण पुढे कामी आला. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, अमेरिकी नौदलासाठी युरेका केमिकल कंपनीनं लॅनोलिनवर आधारलेलं गंजरोधक बनवलं. जहाजाच्या पोटातल्या पाण्याच्या टाक्या म्हणजे खाऱ्या पाण्यानं भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या प्रचंड पोकळ्या. तिथे रंग टिकत नसे. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा तवंग हवा रोखतो आणि चमचा घातला तरी पुन्हा मिटतो, तसं या मऊ थराचं काम होतं.

मोटारींना अशा गंजरोधकाची खरी गरज मिठानं भासवली. अमेरिकेत 1938 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यानं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकून पाहिलं. महायुद्धानंतर ती पद्धत सगळीकडे पसरली आणि उत्तरेकडच्या गाड्या काही वर्षांतच कुजू लागल्या. 1959 मध्ये डेट्रॉइटमध्ये जन्मानं जर्मन असलेल्या कुर्ट झीबार्ट यांनी यावर धंदा उभा केला. नव्याकोऱ्या गाडीच्या दारांना, खांबांना ठरावीक जागी भोकं पाडायची, लांब नळीचा फवारा आत घालायचा, गंजरोधक मारायचा आणि भोकं प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करायची. आज गॅरेजमध्ये चालणारी पद्धत मुळात हीच.

कारखाने तोवर वेगळी वाट चोखाळत होते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं ‘रोटोडिप’ पद्धत वापरली: अख्खी बॉडी लांब दांड्यावर ओवायची आणि ती गोल फिरवत प्रायमरच्या हौदातून न्यायची. 1960 च्या दशकात फोर्डच्या जॉर्ज ब्रूअर यांच्या संशोधनातून विजेच्या साहाय्यानं रंग चढवण्याची पद्धत कारखान्यांत आली. तीत एक मेख होती. धातूची पेटी आपल्या आतला भाग विद्युतक्षेत्रापासून झाकते, त्यामुळे खोल पोकळीत रंग पातळच चढतो.

काही प्रयोग उलटले. 1971 मध्ये नेपल्सजवळच्या पोमिल्यानो द’आर्कोच्या कारखान्याची अल्फासूद लोकांपुढे आली. तिच्या पोकळ भागांत फोम भरला गेला. फोमनं पाणी शोषलं, धरून ठेवलं आणि पत्रा आतून लवकर सडला. प्रयोग नव्हते तिथे जोडांनी दगा दिला: लान्चिया बीटाच्या पुढच्या उपचौकटीच्या जोडांना इतका गंज लागला, की 1980 मध्ये ब्रिटनमध्ये कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या.

उत्तर दोन बाजूंनी आलं: पत्र्यावर जस्त आणि पोकळीत मेण. 1975 मध्ये पोर्शेनं 911 साठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतला. 1985 मध्ये आउडीनं 100 मॉडेलला तेच केलं. फोक्सवागननं 1980 च्या दशकात तापवलेलं मेण पोकळ्यांमध्ये ओतून भरलं आणि जास्तीचं निथळून जाऊ दिलं. विमानाच्या नळीतल्या जवसाच्या तेलाचीच ही कारखान्याच्या मापाची आवृत्ती.

आपल्याकडे मुंबईत मीठ रस्त्यावर टाकत नाहीत, ते हवेतच असतं. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून बाहेर पडलेली फियाट 1100 डी, म्हणजे पुढची पद्मिनी, हीसुद्धा वेगळा चॅसिस नसलेली गाडी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती 2023 पर्यंत मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात फिरली. दाराखालचा दांडा सडला की टिंकरिंगवाल्यानं नवा पत्रा जोडायचा आणि खालून डांबरी अंडरकोट मारायचा, हा इथला ओळखीचा उपाय. पण डांबरी थर वर्षानुवर्षांत कडक होतो, तडकतो आणि त्या तड्यात पाणी अडकतं. शिवाय तो बाहेरूनच लागतो.

या सगळ्या कुळातून एकच शिकवण निघते: न दिसणाऱ्या जागी कडक थर लावू नये आणि पाण्याची वाट बुजवू नये. कडक रंगाला एक चरा पडला तर आत जाऊन तो दुरुस्त करणारं कुणी नसतं. मऊ मेण किंवा लॅनोलिन उन्हात थोडं सरकतं आणि चऱ्यावर परत येतं. अमेरिकेत ईस्टवुड कंपनी दोन फुटी नळीला चहूबाजूंनी फवारणारं नोझल लावून डब्यातून थर मारण्याची सोय विकते. जर्मनीत जुन्या गाड्यांचे शौकीन ‘माइक झांडर्स’ नावाची गंजरोधक चरबी सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मारतात. पदार्थ वेगळे, क्रम तोच. आधी वेल्डिंग पूर्ण करायचं, कारण मेण लागल्यावर तिथे ठिणगी पडली की ते पेटतं. मग खालची छिद्रं तारेनं मोकळी करायची, आतला सुटा गंज आणि माती हवेच्या दाबानं काढायची, पोकळी पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि शेवटी मेण. छिद्रांतून मेणाचे थेंब गळू लागले की ते सर्वात खालपर्यंत पोचल्याचं कळतं. थेंब सुकल्यावर छिद्रं पुन्हा मोकळी करायला हवीत. तेवढं राहिलं, तर नवं मेण आणि नवं पाणी एकाच पेटीत बंद होतं. आणि काही वर्षांनी ही सगळी खटपट पुन्हा करावी लागते.