मॉनिटरला जोडलेला फोन

नोकियाचा एन९०० २००९च्या नोव्हेंबरात आला तेव्हा साधा फोन शोधणाऱ्यांना तो जाडजूड वाटला. माझं काम एम्बेडेड लिनक्सचं, नव्या बोर्डावर कर्नल चालता करायचं. मला त्यात वेगळंच काही दिसलं. ६०० मेगाहर्ट्झचा ओमॅप प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ३२ जीबी साठवण, पडद्याखालून सरकून बाहेर येणारा कीबोर्ड, आणि आत डेबियनवर बेतलेली माइमो ही प्रणाली. टर्मिनल कंपनीनंच दिलेलं. टीव्हीला जोडायची केबल खोक्यातच. पुढे वापरणाऱ्यांनी ‘ईझी डेबियन’ तयार केलं आणि साडेतीन इंची पडद्यावर ओपनऑफिस उघडू लागलं. २००७चा ओपनमोको निओ १९७३ याच्या आधीचा आणि याहून खुला होता, हे खरं. तरी फोननं टेबलावरच्या संगणकाची जागा घ्यावी या इच्छेचा उगम मी एन९००मध्येच मानते, कारण रोज वापरायचा फोन आणि जवळजवळ पुरी लिनक्स तिथे पहिल्यांदा एकत्र नांदली.

११ फेब्रुवारी २०११ला नोकियानं विंडोज फोनची वाट धरली आणि ही शाखा छाटली गेली. तिथल्या काही जणांनी बाहेर पडून योला ही कंपनी काढली. त्याच वर्षी मोटोरोलाचा एट्रिक्स आला. त्याच्यासोबत लॅपडॉक मिळे: ११.६ इंची पडदा, कीबोर्ड आणि बॅटरी. स्वतःचा प्रोसेसर नाही. फोन मागच्या बाजूला बसवला की पडद्यावर ‘वेबटॉप’ आणि त्यात फायरफॉक्स. कल्पना अगदी बरोबर होती. पण आतली लिनक्स कुलूपबंद, हवे ते प्रोग्रॅम टाकायची मुभा नाही, आणि २०१२मध्ये कंपनीनं तो प्रकल्पच गुंडाळला. सॅमसंगनंही फोन मॉनिटरला जोडायच्या आपल्या डेक्स या सोयीवर काही काळ लिनक्स चालवू दिली आणि २०१९मध्ये ती मुभा काढून घेतली.

उबंटूची गोष्ट मात्र मला आजही लागते. २२ जुलै २०१३ला मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकलनं ‘उबंटू एज’ या फोनसाठी लोकांकडे एका महिन्यात ३.२ कोटी डॉलर मागितले. ४ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण. मॉनिटरला जोडला की पुरा डेस्कटॉप. त्या काळी लॅपटॉपलाही शोभावेत असे हे आकडे होते. जमले सुमारे १.२८ कोटी. अट पूर्ण झाली नाही म्हणून सगळे पैसे परत गेले. पुढे २०१५मध्ये स्पेनच्या बीक्यू कंपनीचे साधे उबंटू फोन आले. भारतात ते स्नॅपडीलवर विकले गेले. २०१६च्या एम१० टॅब्लेटला माउस जोडला की पडदाभर पसरलेली अॅप्स हलवता येणाऱ्या खिडक्या होत. ५ एप्रिल २०१७ला शटलवर्थ यांनी हे सारं थांबवल्याचं जाहीर केलं. लिनक्स समुदायाला आपल्या खटपटीत नावीन्य न दिसता फाटाफूट दिसली आणि उद्योगही पाठीशी उभा राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला त्यांचं निदान अपुरं वाटतं. अडचण खाली, ड्रायव्हरमध्ये होती. पीसीवर यंत्रात काय काय आहे ते बऱ्याच अंशी यंत्रच कर्नलला सांगतं: फर्मवेअरकडून तक्ते मिळतात, पीसीआयवरची उपकरणं आपली ओळख देतात. म्हणून एकच उबंटू अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांवर चालते. एआरएम फोनमध्ये अशी सोय सहसा नसते. कुठली पिन कशाला जोडली, पडद्याला वीज कुठून जाते, हे सगळं डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत माणसानं लिहावं लागतं, प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं. चिप बनवणारी कंपनी एखादा कर्नल उचलते, त्यात स्वतःचे ढीगभर बदल घालते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बहुधा बंद स्वरूपात देते आणि पुढच्या चिपकडे वळते. फोन त्या जुन्या कर्नलला जखडून राहतो. उबंटूच्या फोननाही अँड्रॉइडचेच ड्रायव्हर लिबहायब्रिसच्या पुलावरून वापरावे लागत. अशा पायावर दहा वर्षं टिकणारा डेस्कटॉप उभा राहत नाही.

ही गाठ ज्यांनी सोडवली त्यांची नावं जाहिरातीत कधी आली नाहीत. माली-४०० हा स्वस्त फोनांमधला ग्राफिक्स भाग. त्याच्यासाठी खुला ड्रायव्हर लिहायला लुक वरहेगन यांनी सुरुवात केली आणि २०१२मध्ये तो ‘लिमा’ नावानं जगापुढे मांडला. काम मध्येच रेंगाळलं, दुसऱ्यांनी ते उचललं, आणि २०१९मध्ये लिमा कर्नल ५.२मध्ये दाखल झाला. जानेवारी २०२०मध्ये पाइन६४नं १४९ डॉलरचा पाइनफोन पाठवायला सुरुवात केली, त्यात हाच माली-४०० होता. वेळ जुळली म्हणण्यापेक्षा, लिमा नसता तर तो फोन खुल्या लिनक्सवर धड चाललाच नसता, असं मी म्हणेन.

त्याच वर्षी जुलैत पाइनफोनची ३ जीबी रॅमची आवृत्ती १९९ डॉलरना निघाली, सोबत यूएसबी-सी डॉक: एचडीएमआय, इथरनेट, दोन यूएसबी. त्यावर होती २०१७पासून घडत असलेली पोस्टमार्केटओएस ही लिनक्स प्रणाली, जिचा उद्देशच फोनला दहा वर्षांचं आयुष्य मिळावं हा. मी माझा लिनक्स फोन अशाच डॉकला लावून लिब्रेऑफिसमध्ये इनस्क्रिप्टनं मराठी लिहिते, टर्मिनलवरून सर्व्हर सांभाळते. ब्राउझरचे फार टॅब उघडत नाही. यूपीआयसाठी अँड्रॉइड फोन वेगळा ठेवलाय.

प्युरिझमचा लिब्रेम ५ याच काळातला. २०१७मध्ये पैसे जमवून सुरू झालेला हा ५९९ डॉलरचा फोन जानेवारी २०१९ला यायचा होता. पहिले नग सप्टेंबरात गेले आणि अनेकांना त्यानंतरही फार थांबावं लागलं. पण त्यासाठी लिहिलेल्या लिबहँडी या लायब्ररीमुळे ग्नोम डेस्कटॉपची अॅप्स अरुंद पडद्यात मावायला शिकली. तिचाच पुढचा अवतार लिबअद्वैता. आज लॅपटॉपवर ग्नोमच्या सेटिंग्जची खिडकी बारीक केली की डावीकडची यादी दुमडून आत जाते. हे कुणासाठी लिहिलं गेलं, ते बहुतेकांना ठाऊक नसतं.

आता अडथळा सरकून भलतीकडे गेला आहे. २०१८चा पोको एफ१ आपल्याकडे खूप खपला. त्यातली स्नॅपड्रॅगन ८४५ ही चिप आज मुख्य कर्नलवर चांगली चालते, पोस्टमार्केटओएसही त्यावर आहे, आणि रॅम पाइनफोनच्या दुप्पट किंवा जास्तच. पण त्याचं यूएसबी-सी पोर्ट यूएसबी २.०चं; चित्र बाहेर नेणाऱ्या तारा कंपनीनं जोडलेल्याच नाहीत. वनप्लस ६चंही तेच. चिपमध्ये क्षमता आहे, ड्रायव्हर वर्षानुवर्षं खपून लोकांनी फुकट लिहून दिले आहेत, आणि फोन मॉनिटरपर्यंत पोचत नाही तो त्या चार तारांपायी.