फैजपूर 1936 : आठ महिन्यांत उभं राहिलेलं काम



संयोजकांनी विषय दिला, 'सॉफ्टवेअरच्या मदतीनं सांघिक प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा चालवावा'. मी म्हटलं, अहो, मी इतिहासाचा माणूस, मला कशाला? ते म्हणाले, म्हणूनच या. मग मी विचार करत बसलो की आपल्या खानदेशात असं मोठं काम कधी झालं होतं, ज्यात शेकडो हात होते, तारीख ठरलेली होती आणि संगणक मात्र नव्हता. उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. यावल तालुक्यातलं फैजपूर.

27 आणि 28 डिसेंबर 1936. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन, आणि खेड्यात भरलेलं पहिलंच. त्याआधीची अधिवेशनं मुंबई, कलकत्ता, लाहोर, लखनौ अशा शहरांत व्हायची. शहरात नळ असतात, धर्मशाळा असतात, दिवे असतात. इथं तेव्हाच्या पूर्व खानदेशातलं एक गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, जवळचं रेल्वे स्टेशन सावदा आणि मोठं जंक्शन भुसावळ. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजी येणार. देशभरातून प्रतिनिधी येणार.

आता तारखा बघा. आधीचं लखनौचं अधिवेशन एप्रिल 1936 मधलं. म्हणजे हातात आठ महिने, त्यातले चार पावसाळ्याचे! आणि तारीख पुढे ढकलायची सोय नाही, कारण 1937 च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका होत्या. आज ज्याला आपण 'डेडलाइन' म्हणतो ती ही.

प्रकल्पाची पहिली पायरी म्हणजे काय करायचं हे ठरवणं. आणि त्याहून महत्त्वाचं, काय करायचं नाही ते ठरवणं. इथं गांधीजींची अट स्पष्ट होती. खेड्यातलं अधिवेशन खेड्यातल्या साहित्यातून, खेड्यातल्या कारागिरांच्या हातून उभं राहावं. शहरातून मांडव भाड्यानं आणून खेड्यात ठोकायचा नाही. एका अटीनं शंभर प्रश्न सुटले. पत्रा आणायचा का? नाही. बांबू, गवत, चटया. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या पानावर 'उद्दिष्ट' म्हणून एक चौकट असते. बहुतेक जण ती रिकामी ठेवतात आणि मग सहा महिने भांडत बसतात. (हशा)

दुसरी पायरी, माणसं. स्वागताध्यक्ष शंकरराव देव. स्थानिक बाजू सांभाळायला धनाजी नाना चौधरी, पोलिसातली नोकरी सोडून चळवळीत आलेला आणि खिरोद्याला आश्रम चालवणारा माणूस. साने गुरुजी गावोगाव फिरून लोकांना आणि स्वयंसेवकांना तयार करत होते. रचनेसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस. आपण चित्रकार, वास्तुरचनाकार नव्हे, असा त्यांना संकोच होता. गांधीजींनी तो मोडून काढला, आणि जोडीला म्हात्रे हे वास्तुरचनाकार आले. म्हणजे ज्याची दृष्टी हवी तो एक, आणि ज्याला खांब किती खोल पुरायचा हे कळतं तो दुसरा. दोघांची कामं वेगळी, पण नकाशा एकच.

गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळ शेगावात, नंदलाल बंगालात, काम खानदेशात. मधे टपाल, तार आणि आगगाडी. आज आपल्याला एकाच इमारतीतल्या तीन मजल्यांवरच्या लोकांचा मेळ घालता येत नाही, म्हणून हे सांगितलं.

तिसरी पायरी, क्रम. हे जरा नीट समजून घेऊ. जागा ठरल्याशिवाय पाणी कुठून आणायचं हे ठरत नाही. पाण्याशिवाय स्वयंपाकघर नाही आणि शौचकूपांची सोय नाही. या दोन्ही सोयींशिवाय माणसं उतरवता येत नाहीत. या साखळीतली एक कडी आठ दिवस लांबली की सगळं आठ दिवस लांबतं. पण कमान रंगवायला आठ दिवस उशीर झाला तर सभा थांबत नाही. कोणत्या उशिरानं सगळं अडतं आणि कोणत्या नाही, हे ओळखण्याची रीत पुढे 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत गणितानं मांडली गेली. 1958 मध्ये अमेरिकी आरमारानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तशीच पद्धत काढली. आडव्या पट्ट्यांचा तक्ता त्याआधीचा, हेन्री गँट यांच्या नावानं ओळखला जाणारा. पुढे 1984 साली मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आलं आणि हे तक्ते टेबलावरच्या संगणकात आले. 2011 साली ट्रेलोसारखे कार्डांचे फळे आले. म्हणजे साधन नवीन आहे, विचार जुना. ज्या शेतकऱ्याला पेरणीआधी वखर, आणि वखराआधी बैलजोडी लागते, त्याला हा क्रम शिकवावा लागत नाही.

बैलांवरून आठवलं. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे कापसाचे दिवस. वेचणी चालू, गाड्या जिनाकडे लागलेल्या. ज्या गाड्या आणि जे हात अधिवेशनाला हवे, तेच शेताला हवे. हा ताण कोणत्याही तक्त्यात आपोआप दिसत नाही. तो गावात फिरणाऱ्या माणसालाच दिसतो. गुरुजींच्या फिरण्याची किंमत इथं कळते.

25 डिसेंबरला गांधीजींनी खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन केलं आणि भाषणात म्हात्रे आणि नंदलाल बोस यांना जाहीर श्रेय दिलं. 'टिळकनगर' उभं होतं. नेहरूंची मिरवणूक नंदलालांनी सजवलेल्या बैलांच्या रथातून निघाली. अधिवेशनात शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम मंजूर झाला. आणि सांगतात की ध्वज चढवताना दोरी अडकली, तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण उंच खांबावर चढला आणि त्यानं ती सोडवली. आठ महिन्यांची तयारी, आणि ऐन वेळी दोरी! असं एक काम प्रत्येक प्रकल्पात असतं, जे यादीत कुणी लिहिलेलं नसतं.

आता दुसरा माणूस, धुळ्याचा. म्हणजे शेवटी धुळ्याचा झालेला. इतिहासाचार्य राजवाडे. फैजपूरच्या बरोबर दहा वर्षं आधी, 31 डिसेंबर 1926 ला, ते धुळ्यात वारले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' या मालेचे 22 खंड त्यांनी काढले. गावोगाव पायपीट, दप्तरं सोडायची, नकला करायच्या. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत ते होते, पण संस्थेत रमणारा तो स्वभाव नव्हता. सगळा प्रकल्प एका डोक्यात. असा माणूस गेला की काय होतं? काम तिथंच थांबायचं. ते थांबलं नाही, कारण धुळ्याच्या मंडळींनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं, कागद सांभाळले, आणि त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या मागे छापून काढला.

म्हणून मला 'शेवटपर्यंत' या शब्दाचा अर्थ वेगळा वाटतो. मी स्वतः एका संस्थेत जुने कागद स्कॅन करण्याच्या कामात होतो. छान फळा केला होता. 'करायचं', 'चालू', 'झालं' असे तीन रकाने. वर्षभरानं पाहिलं तर सगळी कार्डं 'चालू'मध्ये. (हशा) मग ज्या मुलाच्या खात्यावर तो फळा होता तो नोकरीसाठी पुण्याला गेला, पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. कोणती दप्तरं झाली, कोणती राहिली, हे आम्हाला परत पहिल्यापासून मोजावं लागलं. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. झालेल्या कामाची नोंद पुढच्या माणसाच्या हाती द्यायची, हे काम आम्ही कुणालाच दिलं नव्हतं.

नंदलालांचं आणि म्हात्र्यांचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते भाषणात घेतलं आणि कुणीतरी ते भाषण लिहून ठेवलं. बांबू तासणाऱ्यांची, पाणी भरणाऱ्यांची नावं अशी राहत नाहीत. आज मात्र प्रत्येक कार्डावर नाव असतं. ही सोय फैजपूरच्या लोकांना नव्हती, आपल्याला आहे. काम संपलं की ती यादी नावांसकट उतरवून घ्या, कागदावर छापा, संस्थेच्या कपाटात ठेवा. हिशेबाची वही ठेवतो ना, तिच्याशेजारी.

गणपती मंडळ असो, शाळेचा शतक महोत्सव असो, पाणलोटाचं काम असो, पुढच्या वेळी फळा उघडलात की 'झालं' या रकान्यानंतर आणखी एक रकाना आखा. त्याचं नाव ठेवा 'सोपवलं'.