कोठीतली सभागृहं आणि एक अडवलेलं भाषण

हैदराबादेत 'कोठी' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बसची गर्दी, जुन्या पुस्तकांच्या गाड्या आणि सुलतान बाजारातली कापडाची दुकानं येतात. ज्या कोठीवरून हे नाव पडलं ती ब्रिटिश रेसिडेन्सी मात्र भिंतीआड उभी आहे. या लेखाचा विषय आहे सभागृहांची बांधणी: नाटकांची, गाण्याची, सभांची. ती कशी बदलत गेली ते कोठीच्या आसपासच्या इमारती धरून सांगता येतं, कारण अर्ध्या तासाच्या चालीत इथे सव्वाशे-दीडशे वर्षांचे नमुने भेटतात. मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे कमानी आणि नक्षीपेक्षा माझं लक्ष आधी एका साध्या प्रश्नाकडे जातं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू येतं का?

सुरुवात रेसिडेन्सीपासून. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा कंपनीचा रेसिडेंट. १८०३ च्या सुमाराला काम सुरू झालं, आराखडा मद्रास इंजिनिअर्सच्या लेफ्टनंट सॅम्युएल रसेलचा आणि पैसा निजामाचा. जॉन मॅल्कमने या जागेबद्दल एक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. कर्कपॅट्रिकने हवी असलेली जमीन भल्यामोठ्या कागदावर काढून निजामापुढे ठेवली, तर परवानगी मिळाली नाही. पुढे तीच जमीन छोट्याशा पत्त्यावर काढून नेली, आणि लगेच मंजूर झाली! नकाशाचं प्रमाण बदललं, जमीन तेवढीच राहिली. गोष्ट खरी की रंगवलेली, ते सोडा, पण नकाशे मंजूर करून घेणाऱ्या कुणालाही ती पटेल.

आत दरबार हॉल आहे. दोन मजले उंच, वर सज्जा, रंगवलेलं छत, लाकडी नक्षीची जमीन, दोन्ही बाजूंना उंच आरसे. बघायला हे दालन अप्रतिम आहे. भाषण ऐकायला ते वाईट असणारच, हे गणितावरून कळतं. आवाज खोलीत किती वेळ घुमत राहतो ते दोन गोष्टींवर ठरतं: खोलीचं घनफळ आणि आवाज शोषून घेणारा पृष्ठभाग. घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, शोषण वाढलं की कमी होतं. आरसा आवाज जवळजवळ शोषतच नाही, गिलावाही नाही. त्यात समोरासमोरच्या समांतर भिंती, म्हणजे आवाज टेबल टेनिसच्या चेंडूसारखा इकडून तिकडे. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा येऊन त्यावर बसतो.

पण रसेलला दोष देण्यात अर्थ नाही. दरबारात भाषण ऐकायचं नसतंच. कोण कुठे बसलं, कोण किती पावलं पुढे आलं, नजराणा कुणी कुणाला दिला, हे दिसायचं असतं. दरबार हॉल हे डोळ्यांसाठी बांधलेलं थिएटर आहे. बाहेरचा कॉरिंथियन खांबांचा दर्शनी भाग, रुंद पायऱ्या आणि दोन बाजूंचे सिंह हा त्याच नाटकाचा पहिला अंक.

कानांसाठी बांधायचं शास्त्र फार उशिरा आलं. हार्वर्डच्या वॉलेस सबाइनला १८९५ साली एका नव्या व्याख्यानगृहाची दुरुस्ती सांगितली गेली, कारण तिथे बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राही. सबाइन रात्री, शहर झोपल्यावर, ऑर्गनची नळी आणि वेळ मोजायचं घड्याळ घेऊन बसे. शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडायच्या, मोजायचं, आणखी आणायच्या, पुन्हा मोजायचं. त्यातून वर सांगितलेलं सूत्र निघालं आणि १९०० साली बोस्टनचा सिंफनी हॉल त्या हिशेबाने बांधला गेला. आज आपण ढोबळपणे म्हणतो की बोलण्यासाठी घुमण्याची वेळ सेकंदाच्या आसपास हवी, मोठ्या वाद्यवृंदासाठी दोन सेकंदांच्या जवळ. सबाइनला आणखी एक गोष्ट सापडली, ती मला सगळ्यात आवडते. खुर्चीवरच्या साधारण सहा गाद्यांइतकं काम खुर्चीत बसलेला एक माणूस करतो. म्हणजे श्रोता हा नुसता ऐकणारा नसतो, तो त्या इमारतीचा भाग असतो. रिकामं थिएटर आणि भरलेलं थिएटर या दोन वेगळ्या खोल्या आहेत.

आपल्या नाटकवाल्यांना हे सूत्राशिवाय कळलेलं होतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते राजाश्रयावर, तिकीट लावून नव्हे. दहा वर्षांनी, १८५३ साली, भाव्यांची मंडळी मुंबईला गेली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात उभी राहिली. ते नाट्यगृह १८४६ चं, इंग्रजी धर्तीचं: उंच रंगमंच, समोर चौकट, तिकिटाच्या दराप्रमाणे बसायच्या जागा. अंगणात तीन बाजूंनी वेढलेला नट आता एका चौकटीत, एकाच बाजूने दिसू लागला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककारांवर ढीगभर लिहिलं गेलं, या चौकटीवर त्या मानाने कमी. हा मला अन्याय वाटतो.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, आणि बांधणीपुढे नवा पेच आला. गद्य संवादाला कोरडी खोली लागते, गाण्याला थोडी घुमणारी. संगीत नाटकाला एकाच रात्री, एकाच छताखाली दोन्ही हवं. कंपन्या फिरत्या. आज पक्कं थिएटर, उद्या पत्र्याची शेड, परवा बांबूच्या तट्ट्या आणि कनात. त्यांनी मार्ग काढला तो असा: रंगमंच लाकडी फळ्यांचा, खाली पोकळ. मागे रंगवलेले कापडी पडदे. समोर खच्चून भरलेले प्रेक्षक. लाकूड थोडी साथ देतं, कापड आणि माणसं फाजील घुमणं शोषतात. पडदेही खालच्या बांबूला गुंडाळत वर जाणारे. पडदा न गुंडाळता सरळ उचलायचा तर रंगमंचावर पडद्याइतकीच आणखी उंची लागते, युरोपातल्या नाट्यगृहांच्या डोक्यावर तो बुरुज असतो तो याचसाठी. गुंडाळपडद्याने तो खर्च वाचवला, आणि कुठल्याही गावच्या शेडमध्ये राजवाडा उभा राहू लागला.

पैसेवाल्यांनी पक्की नाट्यगृहंही बांधली. कोल्हापूरला शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर १९१५ चं, पुढे केशवराव भोसल्यांचं नाव दिलेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं, तेव्हा हैदराबादच्या मराठी घरांतही लोक हळहळले. त्याच केशवरावांनी बालगंधर्वांबरोबर ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत संयुक्त 'मानापमान' केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. माईक नव्हता. दोन गळे आणि एक खोली, एवढंच भांडवल.

हे १९२१ साल लक्षात ठेवा, कारण आता पुन्हा कोठीकडे यायचं आहे.

कोठीजवळ जांबाग भागातली विवेकवर्धिनी ही हैदराबादच्या मराठी मंडळींची जुनी शिक्षणसंस्था. केशवराव कोरटकर, वामन नाईक ही नावं तिच्याशी जोडलेली. संस्थेचं थिएटर होतं. संस्थानात राजकीय सभांवर करडी नजर असे, पुढे १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ ने तर सभेला आगाऊ परवानगी सक्तीची झाली. अशा राज्यात एखादं छप्पर, एक रंगमंच आणि शे-दोनशे माणसं बसतील एवढी जागा असणं ही मोठी गोष्ट. नाटकाचं थिएटर हेच सभागृह, तेच व्याख्यानपीठ. पुण्यामुंबईत या तिन्हीसाठी वेगवेगळ्या इमारती निघाल्या; इथे एकाच खोलीवर सगळा भार.

नोव्हेंबर १९२१ मध्ये तिथे निजाम राज्य सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. पाचच वर्षांपूर्वी, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ काढलेलं. भाषणं इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. १२ तारखेला आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. श्रोत्यांतल्या मराठी मंडळींनी हुर्यो केली, टाळ्या पिटल्या, त्यांना बोलू दिलं नाही. ज्या संस्थानात निम्म्याच्या आसपास लोकांची भाषा तेलुगू, त्याच्या राजधानीत, समाजसुधारणेच्या परिषदेत, कर्व्यांच्या समोर!

त्याच रात्री काही तेलुगू मंडळी टेकुमाळ रंगराव यांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव यांनी पुढे तो वाढवला. १९३० साली जोगीपेटला आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि तेलंगणातल्या राजकारणाचा तो कणा ठरला. यातले बुर्गुल पुण्याच्या फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९५२ साली हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. तेलुगू पुस्तकांत ही सभा पहिल्या प्रकरणात येते. आपल्या मराठी आठवणींत कर्वे येऊन गेले एवढंच सांगायची पद्धत आहे.

मला हा प्रसंग इमारतींच्या इतिहासातही महत्त्वाचा वाटतो. दरबार हॉलमध्ये शब्द पोहोचत नसे, त्यात आरसे आणि छत यांचा दोष होता. नाटकाच्या थिएटरात शब्द पोहोचावा म्हणून ऐंशी वर्षं खपून बांधणी सुधारली गेली. त्या दिवशी वेंकटरामरावांचा शब्द चांगला ऐकू आला, म्हणूनच तर हुर्यो झाली. खोलीने आपलं काम केलं होतं. आणि सबाइनचं म्हणणं धरलं तर श्रोतेही त्या खोलीचाच भाग. सुलतान बाजारात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम हे तेलुगू ग्रंथालय १९०१ पासून चालू होतं, तिथून चालत येण्याजोग्या अंतरावर. म्हणजे ती भाषा कुणाला अनोळखी होती असं म्हणायलाही जागा नाही. पुढच्याच वर्षी, १९२२ साली, आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. १९३१ चं मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं, श्रीधर व्यंकटेश केतकर अध्यक्ष. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा इथे राहिलेले आपण तेलुगू राज्यातले अल्पसंख्य भाषिक झालो.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९३१ साली 'आलम आरा' आला, आणि बोलपटाने थिएटरांची गरजच पालटली. आवाज कर्ण्यातून येणार, तेव्हा खोली जितकी कोरडी तितकी बरी. सिमेंट काँक्रीटमुळे खांबाशिवाय बाल्कनी पुढे काढता आली, ती नसती तर मागच्या रांगेला खांबच दिसले असते. पण तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भराभर पेटणारी. १९३६ साली हैदराबादच्या मोतीमहल सिनेमाला आग लागली आणि जनान्यात बसलेल्या बायका आणि मुलं दगावली. पडदा पाळायचा म्हणून बायकांना वेगळा भाग, वेगळी वाट ही तेव्हाची रीत. नेहमी ती सोय, आगीच्या वेळी तो सापळा. आजच्या नियमांतली बाहेर उघडणारी दारं, जिन्यांची रुंदी, प्रोजेक्टरची वेगळी बंद खोली यातला प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या शहरात माणसं गेल्यावर लिहिला गेला आहे. बांधकाम परवानगीत त्यांना नुसती कागदपत्रं म्हणणाऱ्यांशी माझं जन्मभर भांडण झालं.

१९६१ साली टागोरांच्या जन्मशताब्दीत रवींद्र भारती उभी राहिली, वास्तुकार महंमद फय्याजुद्दीन. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर त्यानंतर सात वर्षांनी, १९६८ चं. खास नाटक-संगीतासाठी सरकारी किंवा पालिकेच्या पैशातून बांधायची ही नवी पद्धत. खुर्च्या सगळ्यांना सारख्या, भाड्याचा दर ठरलेला, कुठल्याही भाषेच्या संस्थेने तारीख घ्यावी. या इमारतींवर वास्तुकलेचे अभ्यासक नाकं मुरडतात. मी त्यांना वरच्या नंबरात ठेवतो. रवींद्र भारतीत आज तेलुगू नाटक, उद्या उर्दू मुशायरा होतो, आणि मराठी कार्यक्रमालाही तोच रंगमंच मिळतो.

रेसिडेन्सी १९४९ पासून मुलींच्या कॉलेजकडे आली, आज ते महिला विद्यापीठ आहे. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने इमारतीची दुरुस्ती झाली आहे. कर्व्यांना ते पाहून बरं वाटलं असतं.

आपल्या मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या वारसाफेरीत दरबार हॉलमध्ये जायची परवानगी मिळाली तर सगळ्यांनी नुसते फोटो काढू नयेत. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवावी, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावं, मग पाच जणांनी पाच भाषांत एकेक वाक्य बोलावं आणि बाकीच्यांनी सज्जाखाली उभं राहून ऐकलेलं लिहून काढावं. मुद्रणावरून घुमण्याची वेळ काढून द्यायचं काम माझ्याकडे. आणि कुणाच्या घरी विवेकवर्धिनीच्या जुन्या नाटकांची तिकिटं, हँडबिलं किंवा थिएटरच्या आतला एखादा फोटो असेल, तर स्कॅन करून मंडळाकडे पाठवा. फोटोत रंगमंचापेक्षा प्रेक्षक दिसत असतील तर जास्त चांगलं.