कुत्र्याचं औषध, मांजराचा जीव

संशोधन प्रस्तावात मी लिहिलं होतं, ‘फिट येणाऱ्या मांजराचं आयुर्मान आजाराच्या तीव्रतेवर ठरतं.’ गाईडनी त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: ‘आजाराच्याच?’ त्याचं उत्तर शोधताना मी औषधांच्या इतिहासात शिरलो.

मांजरांच्या अपस्मारावरची जुनी औषधं मुळात माणसांची. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला, १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटलचा. पुढे ही औषधं कुत्र्यांना देऊ लागले, आणि कुत्र्यांवरचा अनुभव मांजरांना लावला गेला.

इथे गंमत बघा (गंमत कसली म्हणा). डायझेपाम कुत्र्याच्या शरीरातून काही तासांतच निघून जातं, म्हणून रोजच्या गोळीसाठी ते कुचकामी. मांजरात मात्र ते बराच वेळ टिकतं. म्हणजे कागदावर मांजरासाठी उत्तमच! पण १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या एका नियतकालिकात ११ मांजरांची नोंद छापून आली. तोंडावाटे डायझेपाम दिल्यावर त्यांचं यकृत अचानक निकामी झालं होतं, आणि त्यातली बहुतेक दगावली. त्या सगळ्यांना फिट्ससाठीच गोळी दिलेली होती असंही नाही. लघवीच्या सवयींसारख्या तक्रारींवरही ती सर्रास दिली जायची.

बरं, मग यकृताला न छळणारं औषध द्यावं. ब्रोमाइड यकृतात मोडत नाही, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. तर्क बिनचूक होता. २००२ मध्ये ब्रोमाइड दिलेल्या मांजरांच्या जुन्या केसपेपरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींच्या फिट्स पूर्ण थांबल्या होत्या, पण जवळपास निम्म्यांना दुष्परिणाम झाले होते. मुख्य त्रास खोकल्याचा, म्हणजे घाव यकृतावर नाही, फुप्फुसावर. आणि यकृतातच मोडणारं जुनं फेनोबार्बिटल बहुतेक मांजरांना बऱ्यापैकी सोसतं, आजही सहसा तेच आधी दिलं जातं. ‘मांजराचं यकृत नाजूक’ एवढ्या एका सूत्रावर यातलं काहीच आधी सांगता आलं नसतं. पुढे प्रस्ताव लिहाल तेव्हा ‘कुत्र्यांमध्ये सुरक्षित आढळले आहे’ या वाक्यापाशी जरा थांबा.

आता आयुर्मानाकडे येऊ. माणसांच्या अभ्यासात मृत्यू ही बहुधा शरीराची घटना असते. मांजरांच्या बाबतीत अनेकदा तो घरच्यांचा निर्णय असतो. रोज दोनदा गोळी गिळवायची, मांजर पलंगाखाली दडून बसतं, हात ओरबाडले जातात, रात्री फिट येईल म्हणून कोणीतरी जागं राहतं. शेवटी डॉक्टरांना सांगून त्याला शांतपणे झोपवलं जातं. जगण्याच्या आलेखात ती रेघ खाली येते, आणि तिचं कारण ‘अपस्मार’ असं नोंदलं जातं. म्हणजे जीवनमान आणि आयुर्मान ही दोन वेगळी मोजमापं आहेत असं आपण धरतो खरं, पण इथे पहिलंच दुसऱ्याला ठरवत असतं.

माझ्या तक्त्यात आता ‘मृत्यू’चे तीन रकाने आहेत: फिटमुळे, औषधामुळे, घरच्यांच्या निर्णयाने. जुन्या केसपेपरांवरून ते भरायला बसलो, तर निम्म्या ठिकाणी नुसतं ‘मृत’ लिहिलेलं आहे.