मालकाचा माणूस आणि काळी पाटी

अमेरिकेत किंवा युरोपात उतरलेला मराठी प्रवासी विमानतळावरच्या काउंटरवर परवाना आणि क्रेडिट कार्ड दाखवतो, दोन-चार सह्या करतो आणि गाडीची किल्ली घेऊन निघतो. तोच माणूस बेंगळुरूत गाडी भाड्याने घ्यायचा, तेव्हा दशकानुदशके गाडीबरोबर ड्रायव्हर ठरलेलाच असे. आपल्याकडे मजुरी स्वस्त, म्हणून ड्रायव्हर, असे याचे कारण नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की, भाड्याच्या गाडीतला ड्रायव्हर ही गिऱ्हाइकाची चैन नव्हती, तो मालकाचे तारण होता. अनोळखी माणसाच्या हाती लाखोंची वस्तू सोपवताना विश्वास कशावर ठेवायचा, या प्रश्नाचे ते आपल्याकडचे उत्तर होते. बेंगळुरूत हे उत्तर कसे बदलले, हाच तिथल्या भाड्याच्या गाडीचा इतिहास आहे.

या धंद्याची भाडेपद्धतीच पाहा. शहरात ‘4 तास 40 किलोमीटर’ किंवा ‘8 तास 80 किलोमीटर’, आणि बाहेरगावी दिवसाला ठरावीक किमान किलोमीटर, वर ड्रायव्हरचा बाटा, म्हणजे रोजचा भत्ता. अंतर मोजायचे ते गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. सकाळी गाडी शेडमधून निघताना ड्रायव्हर काट्यावरचा आकडा ट्रिप शीटवर टिपतो. गिऱ्हाईक शेवटी त्यावर सही करते. परतीचा आकडा मात्र गाडी शेडमध्ये पोचल्यावरचा धरतात. म्हणजे जयनगरला उतरलेला माणूस यशवंतपूरच्या शेडपर्यंतच्या रिकाम्या फेरीचेही पैसे मोजतो. या सगळ्या व्यवहारात गाडी एक क्षणही मालकाच्या नजरेआड होत नाही, कारण हिशेब लिहिणारा हात मालकाच्याच माणसाचा असतो. याच शहरात केशकर्तनालय चालवणाऱ्या रमेश बाबूंनी 1990च्या दशकात एक मारुती व्हॅन भाड्याने लावली आणि पुढे 2011 मध्ये रोल्स-रॉइस घोस्टही याच धंद्यात उतरवली. गाडी जायची ती चालकासह. अशा गाडीच्या दिवसाच्या भाड्यापुढे चालकाचा पगार किरकोळ असतो. तरीही तो असतोच. मजुरी स्वस्त म्हणून ड्रायव्हर, हा हिशेब इथे लागू पडत नाही. गाडी महाग, म्हणून ड्रायव्हर, हा पडतो.

परदेशात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. 1918 मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्स या तरुणाने फोर्डच्या 12 मॉडेल-टी गाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि त्याच धंद्यातून पुढे हर्ट्झ ही कंपनी उभी राहिली. 1946 मध्ये वॉरन एव्हिसने हा धंदा विमानतळावर नेला. 1950 मध्ये डायनर्स क्लबचे कार्ड आले आणि कार्डांचे युग सुरू झाले. गिऱ्हाइकाची पत दुसऱ्या कुणीतरी आधीच तपासलेली असल्यामुळे गाडीवाल्याला ती नव्याने तपासावी लागेना. विमा आणि कार्ड यांनी मिळून ड्रायव्हरची जागा घेतली.

आपल्या कायद्याने हा मार्ग बंद केला नव्हता. 1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 75 मध्ये स्वतः गाडी चालवू इच्छिणाऱ्याला गाडी भाड्याने देण्याची तरतूद आहे, आणि त्याच वर्षी रेंट-अ-कॅब योजनाही आली. पण योजनेतली अट पाहिली की सरकारला कुणाचा भरवसा वाटत होता ते कळते. परवान्यासाठी अखिल भारतीय पर्यटक परमिट असलेल्या किमान 50 गाड्या हव्यात आणि त्यांतल्या निम्म्या वातानुकूलित हव्यात. एक-दोन गाड्यांवर पोट भरणाऱ्याला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे, ही स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची खूण, जवळजवळ अप्राप्यच झाली. तो पिवळ्या पाटीवरच, म्हणजे ड्रायव्हरसह टॅक्सीवरच राहिला. माझ्या मते हा कायद्याचा मोठा दोष. भरवसा गाडीच्या विम्यावर किंवा तपासणीवर ठेवायचा, तो मालकाच्या श्रीमंतीवर ठेवला.

इथे कुणी गोव्याकडे बोट दाखवील. बेंगळुरूच्या कितीतरी आधी गोव्यात स्वतः चालवायच्या दुचाक्या आणि गाड्या मिळत होत्याच. खरे आहे. पण गोवा लहान. गिऱ्हाईक कळंगुटच्या कुठल्या हॉटेलात उतरले आहे हे देणाऱ्याला माहीत असते आणि गाडी फार लांब जात नाही. तिथला विश्वास ओळखीचा आणि आटोपशीर मुलखाचा. बेंगळुरूत गिऱ्हाईक त्याच शहरात राहणारे, तरी पूर्ण अनोळखी. गाडी कूर्गला जाईल की चेन्नईला, सांगता येत नाही. तिथे ओळख चालत नाही, यंत्रणाच लागते.

ती यंत्रणा 2013 मध्ये झूमकार या कंपनीने उभी केली. ग्रेग मोरान आणि डेव्हिड बॅक या दोन अमेरिकनांनी त्यासाठी बेंगळुरू निवडले, हा योगायोग नव्हे. 1981 मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस 1983 मध्ये इथे आली, आणि तिच्यामागोमाग वाढलेल्या उद्योगाने हजारो तरुणांना ‘ऑनसाइट’ पाठवले. पुण्याकोल्हापुरातून, बेळगावातून आलेली मुले त्यांत होतीच. परदेशात किल्ली घेऊन निघण्याची सवय लागलेले, इथे स्वतःची गाडी नसलेले, शनिवारी सकलेशपूर गाठू पाहणारे गिऱ्हाईक या शहरात तयार होते. फोनवर अपलोड केलेला परवाना, आगाऊ भरलेली अनामत आणि गाडीतले जीपीएस या तिन्हींनी ट्रिप शीट लिहिणाऱ्या माणसाचे काम उचलले. गिऱ्हाईक निघण्याआधी गाडीभोवती फिरून ओरखड्यांचे आणि इंधनाच्या काट्याचे फोटो काढते, ते त्याच हिशेबाचे नवे रूप.

यात ड्रायव्हरची रोजी गेली, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण बेंगळुरूत ड्रायव्हर संपला नाही. विमानतळाची फेरी, लग्नाची वरात, म्हाताऱ्या आईवडिलांचा तिरुपतीचा प्रवास त्याच्याकडेच आहे. धोका दुसरीकडेच आहे. 50 गाड्यांच्या अटीमुळे पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या चोरून भाड्याने दिल्या जातात, आणि खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला तर भरपाई नाकारली जाऊ शकते. म्हणून सरकारने ही अट शिथिल करून विम्याची आणि तपासणीची अट कडक करावी. आणि तोवर वाचकांनी बेंगळुरूत, गोव्यात किंवा पुण्यात किल्ली हाती घेण्यापूर्वी नंबरप्लेट पाहावी. ती काळी नसेल, तर गाडी परत करावी.