वाफसा आणि ओल : मापनाच्या इतिहासातील एक भेद

पावसाने भिजलेली जमीन निथळून पेरणीस योग्य झाली, म्हणजे ‘वाफसा आला’ असे मराठी शेतकरी म्हणतो. हा शब्द केवळ पाण्याचा वाचक नव्हे. ‘ओल’ हे मातीतील पाण्याचे नाव. ‘वाफसा’ हे पाणी व हवा यांच्या समतोलाचे नाव होय. वर्धा जिल्ह्यातील काळ्या मातीत हा भेद विशेष जाणवतो. ती भिजली की फुगते व औतास चिकटते. सुकली की आकसून भेगाळते. मातीचा गोळा मुठीत वळून पाहणे, ही वाफशाची रूढ परीक्षा होय. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी आपल्या शेतीपद्धतीच्या चार आधारांत वाफशास स्थान दिल्यामुळे हा शब्द महाराष्ट्राबाहेरही पोहोचला.

विज्ञानास हाच भेद निराळ्या वाटेने गवसला. मातीत पाणी किती आहे, यापेक्षा माती ते किती जोराने धरून ठेवते, या प्रश्नाकडे अमेरिकन शास्त्रज्ञ एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ साली लक्ष वेधले. तेथून मापनाच्या दोन परंपरा दिसतात. पहिली ताणाची. पाण्याने भरलेले सच्छिद्र भांडे जमिनीत पुरून मातीची ओढ मोजणारे ताणमापक यंत्र हे तिचे फळ. जॉर्ज बुयुकोस व मिक यांनी १९४० साली पुढे आणलेला जिप्समचा ठोकळाही याच परंपरेतला. तो सुकत जाईल तसा त्याचा विद्युत्‌रोध वाढतो. दुसरी परंपरा परिमाणाची. पाण्याचा विद्युत्‌-अपार्यता अंक सुमारे ८०, तर कोरड्या मातीचा ३ ते ५ असतो. या तफावतीवरून पाण्याचे प्रमाण काढण्याचे सूत्र टॉप, डेव्हिस व अ‍ॅनन यांनी १९८० साली प्रसिद्ध केले.

आज काही शे रुपयांत मिळणारे धारितामापक संवेदक या दुसऱ्या परंपरेचे वारस होत. परसबागेतील ठिबकाची तोटी त्यांच्या आकड्यावर आपोआप उघडते वा मिटते. परंतु तो आकडा ओलीचा असतो, वाफशाचा नव्हे. रेताड मातीत जेवढे पाणी रोपास पुरून उरते, तेवढेच पाणी काळ्या मातीत असता रोप सुकू शकते. कारण चिकणमातीचे बारीक कण ते सोडत नाहीत. शिवाय भेग पडून संवेदकाचा मातीशी स्पर्श सुटला, तर तो हवाच मोजू लागतो. अन्यत्र ठरविलेली मर्यादा वर्ध्याच्या अंगणात जशीच्या तशी लावल्यास मिरचीचे रोप तहानेने तरी मरेल, नाहीतर मुळे गुदमरून तरी.

कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने तयार केलेल्या ओलदर्शकात आकड्याऐवजी निळा, हिरवा, नारिंगी व तांबडा असे दिवे योजिले आहेत. म्हणजे तेथेही परिमाणाचे रूपांतर अवस्थेत करावे लागले. परसबागेपुरता उपाय सोपा आहे. माती वाफशावर असता संवेदकाचा आकडा टिपावा. पाने माना टाकू लागताच पुन्हा टिपावा. पाणी देण्याची वेळ या दोहोंच्या दरम्यान ठरवावी. प्रमाण तपासावयाचे असल्यास मातीचा नमुना १०५ अंश सेल्सियसवर चोवीस तास सुकवून त्याच्या वजनातील घट पाहावी. या रीतीने मुठीची परीक्षा व यंत्राचा आकडा परस्परांस पूरक ठरतात. ‘वाफसा’ या शब्दाचे इंग्रजीतून सरसकट ‘ओलावा’ असे भाषांतर करणाऱ्या परिभाषाकारांनीही हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.